गोपूला एका वेळी एकच सांगायचं होतं

मंडळी, हा माईक जरा खाली करा कुणी तरी. अजून स्वल्प खाली. हां, सरी, आता ठीक.

सगळे आलात. चिकपेठेतले आलात, बळेपेठेतले आलात, राजाजीनगरहून बस पकडून आलात. मंडळाच्या या हॉलमध्ये मागे उभं राहायलासुद्धा जागा उरलेली नाही. माझा भाऊ आज असता तर त्याने मागे वळून बघितलं असतं, ही माणसं नक्की कुणासाठी जमलीत म्हणून. गोपाळची थोरली बहीण या नात्याने मी सगळ्यांना हात जोडते.

बोलणं मला जड जातंय. रडू येतंय म्हणून नव्हे. रडायचं ते मी घरी रडले. जड जातंय, कारण तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचा मलाच भरवसा नाही. तासभर त्या खुर्चीवर बसून मी भाषणं ऐकली, आणि मंडळी, मला शिसारी आली. हो, शिसारीच. शोकसभेत असं बोलू नये म्हणतात. पण शोकसभेत काय काय बोलू नये ते सगळं माझ्याआधी बोलून झालंय.

"भोळा होता." "लहान मुलासारखा होता." "माणूस सोन्यासारखा, पण आपल्याच तंद्रीत." एकाने तर रंगवून सांगितलं, गोपाळला कॉफीपूड आणायला पाठवलं तर तो केळीची पानं घेऊन आला. हसलात तुम्ही. पुढच्या रांगेतले हसले, मागचे हसले. त्याचा फोटो इथे, हार अजून ओला, आणि तुम्ही हसलात. मी मोजत नव्हते, पण कोण कोण हसलं ते मला दिसत होतं.

आणि मग आमचे आप्पाकाका उठले. आप्पाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या कापडाच्या दुकानाचे मालक, आजच्या सभेचे अध्यक्ष. ते काय म्हणाले? "डॉक्टरांनी सांगितलेलं नीट पाळलं असतं, तर आज गोपाळ आपल्यात असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. अय्यो, केवढ्या त्या माना! जणू त्याच्या मरणाचं कारण सापडलं एकदाचं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. आयुष्यभर गिळलंच आहे. पण हेच वाक्य आप्पाकाकांनी परवा आमच्या घरात थोडं वेगळं म्हटलं होतं. ते म्हणाले होते, "गोळ्या या पोरीच्या हातात दिल्या, तिथेच घात झाला. बापासारखीच ही मरेगुळी." आणि ती पोर दारात उभी होती.

ती तिकडे बसली आहे, आईला चिकटून. सरू. गोपूची एकुलती एक मुलगी, बारा वर्षांची. परवापासून ती बोललेली नाही. ताटावर बसते आणि भाताशी खेळून उठते. काल तिची आई, आमची भावजय इंदू, तिच्या केसांना तेल लावत होती, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "आई, मीच मारलं का बाबांना?" त्यानंतर परत गप्प.

मी आज या पोरीसाठी उठले आहे. गोपूचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

मरेगुळी. इथल्या कानडी शेजाऱ्यांचा साधा शब्द, विसरभोळ्या माणसाला म्हणायचा. आपण तो उचलला आणि माझ्या भावाच्या कपाळावर चिकटवला. दुकानात मरेगुळी, लग्नात मरेगुळी. ब्राह्मीचं तेल चोळून झालं. बदाम भिजवून झाले. लिंबं उतरवून झाली. कुणी सांगितलं मंगळवार धरा, त्याने बिचाऱ्याने मंगळवार धरले, आणि मंगळवारीच विसरून डब्यातला चिवडा खाल्ला. तेव्हासुद्धा हसलात तुम्ही.

तो विसरभोळा नव्हता हो. कधी कुणी विचारलंत त्याला, की बाबा रे, सांगितलेलं तुझ्या डोक्यात जातं कसं आणि निसटतं कुठे? मी विचारलं होतं. तो म्हणाला, "अक्का, मला ऐकू येतं ग. पहिलं वाक्य येतं, बसतं. दुसरं येतं, त्याला मी 'या' म्हणतो, तोवर पहिलं उठून गेलेलं असतं. तिसऱ्याच्या वेळी कुठे तरी पंखा कुरकुरतो. मग मला पंखाच ऐकू येतो." असं म्हणून तोच हसला. मला नाही हसू आलं. याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. मी डॉक्टर नाही. पण आळस म्हणत नाहीत, माज म्हणत नाहीत, आणि मुद्दाम तर मुळीच म्हणत नाहीत.

आप्पाकाकांची दुकानातली सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. डोळे गिऱ्हाइकाकडे, हात कापड मोजायच्या गजावर, आणि तोंड गोपूच्या दिशेने. राजाजीनगर तेव्हा नवंच वसत होतं. अर्धी घरं बांधलेली, अर्धी विटांची, झाड नाही, ओळखीची खूण नाही. उभे रस्ते ते मेन, आडवे ते क्रॉस, आणि सगळे एकसारखे. तिथे एका घरी लग्नाची लुगडी पोचवायची होती. आप्पाकाका म्हणाले, "राजाजीनगरच्या बसमध्ये बस, पाण्याच्या टाकीपाशी उतर, उजवीकडे वळ, दुसरा मेन सोड, तिसऱ्याला लाग, चौथ्या क्रॉसला वळू नकोस, तिथे तसंच घर आहे, पाचव्याला डावीकडे, पुढच्या दाराने नको, बाजूच्या बोळातून माडीवर जा, लुगडी बाईंच्याच हातात दे, मुलाच्या नको, आणि येताना दोऱ्याची रिळं आण."

हं. आता मी जे म्हणाले ते कुणी परत म्हणून दाखवा. तुम्ही? कॉफीपूडवाले, तुम्ही? काय झालं? आत्ताच तर सांगितलं. एकदा सांगितलं की कळायला नको?

नाही ना जमत? मग ऐका.

गोपू गेला. टाकीपर्यंत बरोबर गेला, सगळी वाट तोंडाने घोकत गेला. टाकीपाशी जटक्याचं, टांग्याचं, घोडं पाय घसरून पडलं, लोक धावले, हाही धावला. घोडं उठलं, आणि याची सगळी वाट डोक्यातून गेली. उन्हात मेन आणि क्रॉस करत फिरला. चौथ्या क्रॉसलाच गेला, तिथे तसंच घर होतं, तिथल्या बाईंनी हाकलला. अंधार पडायच्या बेतात परत आला, लुगड्यांचं गाठोडं पोटाशी धरून. एक घडी मोडलेली नव्हती. आणि आप्पाकाकांनी काय केलं? भरल्या दुकानात त्याला पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, "म्हणून दाखव. काय सांगितलं होतं मी?" एका मुलीचा बाप झालेला... नाही, तेव्हा मूल नव्हतं. पण मिशी आलेला, लग्न ठरलेला माणूस हो तो! "टाकी," तो म्हणाला. "पुढे?" "उजवीकडे." "पुढे?" पुढे काही नाही. गिऱ्हाइकं हसली. आप्पाकाकांनी त्यांना पानसुपारी दिली आणि पुन्हा विचारलं, "पुढे?"

त्या "पुढे" मध्ये जी चव घेतलीत ना तुम्ही आप्पाकाका, तिची मला आजही किळस येते. लुगडी दुसऱ्या दिवशी पोचली. लग्न कुणाचं अडलं नाही. मग तो तमाशा कशासाठी केलात?

पण दुकान सोडा. दुकानातलं दुकानात राहिलं. बाबांच्या वर्षश्राद्धाचं तसं नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण त्या दिवशी जेवायला होतात. बाबांचा एकुलता एक मुलगा गोपू, पाटावर बसला होता. भटजी आमच्याकडचे नेहमीचे नव्हते, दुसरे आले होते आणि त्यांना पुढे आणखी एक घर होतं. घाई. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, गोपूच्या बरोबर समोर. भटजी म्हणाले, "अपसव्य." गोपूने माझ्याकडे बघितलं. मी माझा हात खांद्यावर ठेवला. समोर होते म्हणून उलट्या खांद्यावर ठेवला, आरशात दिसावं तसा. त्याने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. बरोबर. "सव्य." मी हात दुसऱ्या खांद्यावर नेला, त्याने जानवं नेलं. बरोबर. परत अपसव्य झालं, मी वाटीतलं पाणी अंगठ्याच्या बाजूने कलंडवून दाखवलं, त्याने तीळ आणि पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडलं. मंडळी, अर्धं श्राद्ध माझ्या भावाने एकही चूक न करता केलं. त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. बाबा समोर बसलेत आणि हा त्यांना वाढतोय, असा चेहरा होता तो.

तेवढ्यात आप्पाकाकांची नजर माझ्यावर गेली. "श्राद्धाच्या वेळी बायकांच्या खाणाखुणा? अक्का, आत हो!" काकूने माझा दंड धरून मला आत ओढलं आणि दार लोटलं.

दाराआडून मला ऐकू येत होतं. भटजी एका दमात म्हणाले, "अपसव्य करा, दक्षिणेकडे तोंड, डावा गुडघा टेका, तीळपाणी घ्या, पिंडावर सोडा." मग भांडं पडल्याचा आवाज. मग भटजी, "अहो डावा, डावा!" मग परत भांडं. मग आप्पाकाका, "ऊठ. बाजूला हो. असलं पाणी माझ्या भावाला पोचायचं नाही." आणि त्यांनी स्वतःच्या मुलाला, शंकरला, पाटावर बसवलं. बापाच्या श्राद्धातून मुलाला उठवलं. कशासाठी? तर त्याला डावा गुडघा आणि तीळ आणि दक्षिण एका दमात जमलं नाही यासाठी.

पानं वाढली, तुम्ही जेवलात. आमसुलाची चटणी छान झाली होती म्हणालात. गोपू मागे नळापाशी बसला होता. मी गेले तर मला म्हणाला, "अक्का, पहिलं पाणी तरी पोचलं असेल ना ग बाबांना? ते तर मी बरोबर सोडलं होतं." मी म्हटलं, पोचलं रे. तो म्हणाला, "मग तहान भागली असेल." त्यानंतर त्याला कधीच त्या पाटावर बसू दिलं नाही. दरवर्षी शंकर बसला, आणि हा मागे हात जोडून उभा राहिला.

आता ऐका. गोपूला मुलगा नाही, म्हणून त्याची क्रियाही शंकरनेच केली. शंकर, तुझ्यावर माझा राग नाही, तू खाली बघू नकोस. पण भटजी सव्य म्हणाले तेव्हा तुझं जानवं उजव्या खांद्यावरच राहिलं होतं. भटजी काय म्हणाले? "असू द्या, होतं असं." आणि आप्पाकाकांनीही हसून मान हलवली. होतं असं! हे दोन शब्द माझ्या भावाच्या वाट्याला एकदा तरी आले असते. एकदा. मग तो जन्मभर एवढी मान खाली घालून वावरला नसता.

आता गोळ्यांचं. यासाठीच मी उभी आहे.

गोपूच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तो आणि सरू डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांकडे ही गर्दी. त्यांनीही एका दमात सांगितलं, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर अर्धी, मीठ कमी, जिना नको, पुन्हा दाखवायला या. गोपू "सरी, सरी" म्हणत राहिला. तो नेहमीच सरी म्हणायचा. कळलं नाही म्हटलं की बोलणी बसतात, हे तो फार लहानपणी शिकला होता. रस्त्यावर आल्यावर पोरीला म्हणाला, "सरू, मला नुसतं 'सरी' आठवतंय." ती म्हणाली, "बाबा, मला नुसतं मीठ आठवतंय." दोघं फुटपाथवर उभं राहून हसली म्हणे. हो, सरू बापावरच गेली आहे. तिच्याही डोक्यातून तसंच निसटतं. ती मरेगुळी नाही, ती गोपूची मुलगी आहे.

आणि मग या पोरीने काय केलं ते ऐका. ती बापाचा हात धरून परत आत गेली. भरलेल्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर, एकेक सांगा. एक सांगून थांबा. आम्ही म्हणून दाखवतो, मग दुसरं." जे माझा भाऊ जन्मभरात कुणाला म्हणू शकला नाही, ते ती म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं, थांबून थांबून. त्यांना अवघड गेलं नाही. कुणालाच गेलं नसतं.

घरी आल्यावर ती रोज बापासमोर मांडी घालून बसायची. त्याच्या वाटीत गोळी, तिच्या वाटीत गुळाचा खडा. "आता हातात घ्या." दोघं हातात घ्यायची. "आता तोंडात." दोघं तोंडात. "आता पाणी." दोघं पाणी. पान वाढलं की आधी हे, मग भात, आणि भातानंतर अर्ध्या गोळीचंही असंच. इंदू रोज बघत होती. मी जाऊन बघितलं आहे. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी दारात उभं राहून जे करत होते तेच ती करत होती. फक्त तिला आत ओढायला कुणी नव्हतं.

डॉक्टर आले आहेत. ते काय, खांबाशी उभे आहेत. डॉक्टर, तुम्हाला मराठी समजतं. तुम्ही दर वेळी त्याची नाडी बघितलीत, बाटलीतल्या गोळ्या बघितल्यात. या सगळ्यांसमोर सांगा, औषध चुकलं होतं का?

नुसती मान हलवू नका डॉक्टर. मोठ्याने सांगा. मागे ऐकू गेलं पाहिजे.

ऐकलंत? "ओंदु दिनानू तप्पिल्ल." एक दिवससुद्धा चुकलं नाही. आणखी काय म्हणालात? हां. हृदयच थकलं होतं. औषधाने जेवढे दिवस वाढायचे तेवढे वाढले, आणि ते या मुलीमुळे वाढले. असं म्हणताहेत डॉक्टर. मी नाही म्हणत.

सरू, ऐकलंस? तू मारलं नाहीस बाळ. तू जगवलंस त्यांना, जमेल तेवढं.

आप्पाकाका, आता तुम्ही. मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. परवा जे या पोरीसमोर बोललात, ते तुमच्याच तोंडाने परत घ्या. एकच वाक्य आहे. चुकलो म्हणायचं.

आप्पाकाका चष्मा पुसताहेत.

पुसा. सावकाश पुसा. सरूला माझं सांगून झालंय, डॉक्टरांचं सांगून झालंय. तुमच्या वाक्यावाचून तिचं अडणार नाही. पण आजनंतर आपल्या लोकांत कुणी तिला मरेगुळी म्हटलं, तर मी त्याच्या दारात जाऊन त्याला ही सगळी कथा पहिल्यापासून ऐकवीन. मला वेळ पुष्कळ आहे.

आता मौन पाळायचं. गोपूला मौन कधी जमलं नाही. दुसऱ्यांच्या शोकसभांत त्याचा पाय हलायचा, खुर्ची कुरकुरायची, आणि कुणी तरी त्याला चिमटा काढायचं. आज त्याच्यासाठीचं मौन त्याच्या पद्धतीने होईल. मी एकेक सांगेन, सांगून थांबेन. घाई कुणालाही नाही.

उठा.

सगळे उठू द्या. म्हाताऱ्यांना वेळ द्या.

हात मोकळे सोडा.

फोटोकडे बघा. जमिनीकडे नको, त्याच्याकडे.

सरू, तू ये इकडे. ये, वाट देतील. अशी माझ्यासमोर उभी राहा. तुला गप्प राहायचं नाही. तू परवापासून पुष्कळ गप्प राहिलीस. बाबांना रोज म्हणायचीस ते म्हण, एकेक. रडू आलं तर रड, मग पुढचं म्हण. मी समोर आहे.

मंडळी, तुमच्यासाठी शेवटचं एकच. तोंड बंद ठेवा, आणि ही बोलेल ते ऐका.